दुसरी कापशी

तुम्ही एवढं विचारता म्हणून सांगते. नाहीतर ही गोष्ट मी हिरूच्या वडिलांनाही पुरती सांगितलेली नाही.

एकोणीसशे अडुसष्ट सालचा चैत्र होता. आम्ही तेव्हा मोहोपाड्याला चाळीत राहत होतो, हिरूचे वडील तिथल्या कारखान्यात कामाला होते. माझ्या भावाचं, लडकूचं, लग्न ठरलं होतं आणि हळदीच्या आदल्या दिवशी मला माहेरी पोचायचं होतं. ह्यांना रजा मिळाली नाही, ते लग्नाच्या दिवशी परस्पर येणार होते. म्हणून मी आणि हिरू दोघीच निघालो. हिरूला नुकतं सातवं लागलं होतं. आमच्यासोबत तिसरी होती कापशी.

कापशी म्हणजे हिरूची सशीण. शेजारचे एक साहेब बदली होऊन गेले, ते जाताना तिला देऊन गेले होते. रंगानं पांढरीशुभ्र, डाव्या डोळ्याभोवती काळं कडं, आणि उजव्या कानाचं टोक बोक्यानं ओरबाडून तोडलेलं. तो बोका चाळीतच फिरायचा, त्यामुळे तिला मागं ठेवायला हिरू काही केल्या तयार होईना. शेवटी झाकणाच्या बांबूच्या करंडीत थोडं गवत घातलं, वरून माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि निघालो.

चौकला एस.टी. बदलली. कर्जतच्या गाडीत कंडक्टरनं करंडी उघडायला लावली, कापशीला बघितलं आणि हसून पुढं गेला. फाट्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले असतील. तिथून आमचं गाव तासाभराच्या वाटेवर, सगळा रस्ता शेतांमधून. भात कापून महिने झालेले, जमिनीला भेगा. ठिकठिकाणी राब, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा पसरलेले जमिनीचे तुकडे, भाजायला घेतले होते. लोक आग लावून सावलीला गेलेले, त्यामुळे दूरवर एक माणूस दिसत नव्हता, नुसता धूर जमिनीलगत पसरलेला. वारा अजिबात नव्हता. ऊन इतकं की समोरचे बांध पाण्यात हलल्यासारखे दिसत होते.

अर्ध्या वाटेवर वहाळ लागतो. चैत्रात त्यात धार नसते, पण वाळूत डवरा खणलेला असतो, त्यात पाणी झिरपून साचतं. अलीकडच्या काठावर करंजाचं मोठं झाड. नवी पालवी आलेली, खाली काळीभोर सावली. तिथं पोचलो आणि करंडीत धप्प असा आवाज झाला. पुन्हा झाला. कापशी मागचे पाय आपटत होती. कुत्रं किंवा बोका दिसला की ससे असे पाय आपटतात, हे मला माहीत होतं. मी चहूकडं बघितलं. काही नव्हतं.

हिरूला म्हटलं, इथंच बस, करंडी सोडू नकोस, मी तांब्या भरून आणते. डवरा तिथून वीस-पंचवीस पावलांवर, पण काठाच्या खाली असल्यामुळे तिथून झाड दिसत नव्हतं. मी वाकून पाणी घ्यायला लागले. पाणी थोडं थोडं येत होतं, तांब्या भरायला वेळ लागला. इतक्यात मागून आवाज आला, "आई, तहान लागली."

हिरू माझ्या पाठीशी उभी होती. मी रागावले, करंडी टाकून का आलीस म्हणून. तिनं ओंजळ पुढं केली, मी पाणी ओतलं. खूप प्यायली. सगळा तांब्या संपवला. मी तो परत भरला, तिचा हात धरला आणि दोघी वर आलो.

झाडाखाली करंडी होती तशीच होती. उचलली तर जड लागली. मला वाटलं, उन्हानं माझेच हात गळालेत. पण करंडीच्या एका बाजूला वजन होतं आणि दुसऱ्याही बाजूला होतं. मी गाठ सोडली.

आत दोन ससे होते.

रानातला ससा शिरला असता तर तो मातकट रंगाचा असता. आणि गाठ बांधलेली होती. हे दोन्ही पांढरे होते. दोघांच्या डाव्या डोळ्याभोवती काळं कडं, दोघांच्या उजव्या कानाचं टोक तुटलेलं. एकमेकांकडं तोंड करून बसलेले, जशी एखादी आरशासमोर बसावी. हिरू माझ्या कुशीशी उभी राहून बघत होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

त्यातल्या एकीनं पाय आपटले. दुसरी शांत बसून राहिली. मी विचार केला, जी घाबरली ती आपली. शांत होती तिला उचललं. अंग ऊबदार होतं, काळीज धडधडत होतं, हुबेहूब कापशी. तिला झाडाच्या बुंध्याशी ठेवलं. ती पळाली नाही. मी करंडी बांधली, हिरूचा हात धरला आणि वहाळ ओलांडून पलीकडच्या काठावर चढले.

चढल्यावर मी मागं वळून पाहिलं. ती सशीण पाठीमागं येत नाही ना, एवढंच बघायचं होतं.

करंजाच्या सावलीत हिरू बसली होती. तोच पिवळा झगा, त्याच दोन वेण्या. मांडीवर ती सशीण. माझ्याकडं बघत होती.

माझ्या हातात हिरूचा हात होता.

"आई..." झाडाखालची म्हणाली. ओरडली नाही. घरात झोपेतून उठल्यावर मारते तशी हाक मारली. "आई गं... मी हितं हाय..."

मी हातातल्या पोरीकडं बघितलं. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. समोर गावाच्या दिशेला बघत ती म्हणाली, "चल ना आई."

आणि तिनं माझा हात घट्ट धरला. खरं सांगते, तो हात सोडून झाडाकडं जायची माझी छाती झाली नाही. सोडला आणि माघारी फिरेपर्यंत दोन्हीकडं कुणीच उरलं नाही तर? मी चालायला लागले. मागून आणखी एकदा हाक आली. मग आली नाही.

घरी मांडवाची गडबड चालली होती. मी माझ्या आयेला, अंबूबाईला, गोठ्यात नेलं आणि सगळं सांगितलं. तिनं मला वेड्यात काढलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं विचारलं, "पाणी प्यायला खाली आली ती, का वर बसली होती ती... कुठली आणलीस तू?"

मी म्हटलं, खाली आली ती.

आयेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "ऊन हाय तवर जाऊन बघू," म्हणाली.

हिरूला लडकूजवळ सोडून आम्ही दोघी परत गेलो. चार वाजले असतील. करंजाखाली कुणी नव्हतं. सशीणही नव्हती. आयेनं हिरूच्या नावानं हाका मारल्या, मी मारल्या. वहाळाच्या दोन्ही काठांनी लांबवर जाऊन आलो. धुराचा वास तेवढा होता. परतताना आये म्हणाली, "पोरीला काय बोलू नको. जी हाय ती आपली म्हन."

संध्याकाळी हिरू जेवली, पोरांबरोबर खेळली, मामाच्या मांडीवर बसली. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त कापशीची आठवण तिनं काढली नाही. ती करंडीजवळून गेली की आत धपाधप पाय आपटल्याचा आवाज व्हायचा. मी करंडीसमोर बसून विचार करत राहिले. ही सशीण खरी असेल, तर ती कुणाला भिते आहे? आणि पोरगी खरी असेल, तर मी करंडीतून काय आणलं आहे? दोन्ही माझीच आहेत, असं म्हणायला मला कुठूनही जागा सापडत नव्हती.

दिवे लागायच्या वेळी माझ्या चुलतीनं, येसूबाईनं, मागचं अंगण शेणानं सारवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथं चुली मांडायच्या होत्या. ओल्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून मागच्या दाराला आयेनं स्वतः आतून अडसर घातला. मी हिरूला कुशीत घेऊन पडले. त्या दारावर काही वाजलं का, असं मला एकदा वाटलं. बोटांनी वाजवल्यासारखं, खालच्या अंगाला, जिथं लहान पोराचा हात पोचतो तिथं. मी हिरूला आणखी जवळ ओढलं आणि उठले नाही.

उजाडलं तेव्हा आयेनं मला खुणेनं बोलावलं. दार उघडून ती उंबऱ्याच्या आत उभी होती.

सारवलेल्या अंगणात पावलं उमटली होती. लहान, अनवाणी. परसाच्या कुंपणापासून सरळ दारापर्यंत. दाराशी येऊन दोन्ही पावलं जुळवून उभी राहिलेली. परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.

"अडसर?" मी विचारलं.

"मीच काडला, आत्ता."

मी धावत आत गेले. हिरू अंथरुणात एकटीच होती. तिचे तळवे बघितले. कोरडे होते, शेणाचा डाग नव्हता. आयेनं आणि मी माळा बघितला, कणगीमागं बघितलं, गोठा बघितला. काही नव्हतं. आम्ही पुन्हा दाराशी आलो तर हिरू उठून आमच्यामागं येऊन उभी राहिली होती. तिनं त्या पावलांकडं बघितलं.

"आली का गं ती?" तिनं हळूच विचारलं.

आये खाली बसली आणि हातानं ती पावलं एकेक करून पुसत गेली.

लडकूचं लग्न पार पडलं. आम्ही मोहोपाड्याला परतलो. कापशी पुढं दोन वर्षं जगली. हिरू शिकली, मोठी झाली, कुंभिवलीला तिला चांगलं घर मिळालं. माझ्या आजारपणात तिनं केलं तेवढं कुणी केलं नसतं. तिच्याबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही, आणि ती कोण आली होती, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

पण ती माझ्याकडं येते तेव्हा पुढचं दार सताड उघडं असलं तरी घराला वळसा घालून मागच्या दाराशी येते. हाक मारत नाही. मी जाऊन उघडेपर्यंत दोन्ही पाय जुळवून तिथं उभी असते.