तीन महिन्यांनंतरचे गुण

मैत्री वर्गात शिरली तेव्हा आग कशी पसरते ते विपुल हातवारे करून दाखवत होता. तिला उशिरा आलेली कामगार समजून त्याने पुढची खुर्ची दाखवली. "बसा मॅडम. आग कुणासाठी थांबत नाही, पण मी थांबतो."

सगळे हसले. मैत्रीही हसली... आणि मग तिला सांगावं लागलं, की ती शिकायला नाही, शिकवलेलं कितपत उपयोगी पडतं ते तपासायला आली आहे. तुर्भ्याच्या या रंगाच्या कारखान्यात विपुलचं आग विझवण्याचं प्रशिक्षण पुढे चालू ठेवायचं की नाही, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं.

विपुल करावे गावचा, बोलका आणि देखणा — यातलं शेवटचं तिच्या फॉर्ममध्ये कुठेच बसत नव्हतं. वर्ग संपल्यावर तिने कामगारांचे अभिप्राय चाळले. झाडून सगळ्यांनी 'उत्तम'वर खूण केली होती.

"मग, पास ना मी?" चहा पुढे करत त्याने विचारलं.

"हे तुम्ही आवडलात त्याचे गुण. शिकवलेलं किती उरलं ते तीन महिन्यांनी बघणार."

"म्हणजे तुम्ही परत येणार." त्याला तेवढंच ऐकू आलं होतं.

मधल्या काळात काही ना काही शंका काढून तो फोन करत राहिला, आणि दिघ्याच्या घरी मैत्रीची आई गालातल्या गालात हसू लागली.

मग तो दिवस उजाडला. मैत्रीने एकेका कामगाराला आग विझवायचा लाल सिलिंडर चालवून दाखवायला सांगितलं. गंगाराम, तिथले सगळ्यात जुने कामगार, "सर लय भारी शिकवतात" म्हणत पुढे झाले आणि पिन न काढताच दांडा दाबत राहिले; सिलिंडरमधून काहीच बाहेर येईना. वीसपैकी सतरा जणांचं असंच झालं. वर्गात हसले सगळे होते, सिलिंडर मात्र कुणी हातात धरलाच नव्हता.

अहवाल लिहिताना मैत्री त्या सतराच्या आकड्यावर अडली. आकडा थोडा बदलला असता तर कुणाला कळलं असतं? पण उद्या खरंच आग लागली आणि गंगाराम तसेच उभे राहिले तर... तिने सतराच लिहिलं, आणि विपुलला फोनवर आधी स्वतः सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला. प्रशिक्षण थांबलं, त्याचे फोनही थांबले, आणि मैत्रीला जेवण गोड लागेना.

पंधराव्या दिवशी तो सरळ तिच्या ऑफिसखाली येऊन उभा. मॅनेजरला गळ घालून तो रोज जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात जात होता, एकेकाच्या हातात सिलिंडर देऊन पिन काढायला लावत होता.

"राग आलेला मला," तो म्हणाला. "चार दिवस. मग गंगारामकाका डोळ्यासमोर आले... आता परत तपासा. या टायमाला खरंच शिकलेत."

"कुणीतरी येईल तपासायला. मी नाही येणार."

त्याचा चेहरा उतरला. "अजून भरवसा नाय?"

"तपासणारं माणूस तटस्थ लागतं." मैत्रीचे कान तापले. "आणि मी... तुमच्या बाबतीत आता तटस्थ राहिलेले नाही."

विपुलला समजायला अंमळ वेळच लागला. "हे... अहवालात लिहिलंत?"

"नाही. हे तोंडीच सांगायचं होतं."

तो हसला, आणि दोघं चालत स्टेशनच्या रस्त्याला लागली.