तळ्यातले मासे आणि निळी बादली

पाण्याच्या काठी माणसाची संस्कृती घडली. नद्यांच्या काठी साम्राज्यं उभी राहिली, सरोवरांच्या काठी महाकाव्यं लिहिली गेली, आणि संभाजीनगरात बीड बायपासजवळ ‘सागर विहार’ सोसायटीच्या तळ्याकाठी ‘येथे कपडे धुऊ नयेत’ एवढं लिहिलं गेलं.

तळं पावसाचं पाणी अडवायला बांधलेलं. जास्तीचं पाणी सांडव्यातून नाल्यात जावं, अशी सोय होती. पण ज्या शहरात नळाचा वार ठरलेला असतो आणि तो वारही चुकतो, तिथं पाणी डोळ्यांदेखत निघून जाताना कुणाला बघवेल? उन्हाळ्यातल्या सभेत ठराव झाला आणि सांडव्यावर विटांचे थर चढले. पाण्यानं ठराव वाचला नाही. भाद्रपदात तळं तुडुंब भरलं आणि काठावरून सरळ शेजारच्या सेवलीकरांच्या अंगणात उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात एक मुलगी आली. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, कपाळावर ओली बट, हातात निळी बादली.

“सेक्रेटरी कोण आहेत?”

बन्सी साबळे उठून उभा राहिला. मूळचा सिल्लोडचा, वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर. ज्या सभेला तो गैरहजर होता, त्याच सभेत तो एकमतानं सेक्रेटरी झाला होता.

“मीच. काय... काय आणलंय?”

“तुमचे मासे.”

डास खायला तळ्यात सोडलेले गप्पी मासे बादलीत फिरत होते. बन्सीनं वाकून पाहिलं. मग वर पाहिलं... आणि वरच पाहत राहिला.

“आमच्या तुळशीपाशी होते,” ती म्हणाली. “आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हे सहकुटुंब आले.”

“बसा ना—”

“मी बसेन. त्यांना आधी सोडून या.”

तो मासे सोडून आला, तोवर ती गेली होती. बादली तेवढी त्याच्या हातात राहिली.

चारच दिवसांनी पुन्हा पाऊस झाला आणि ती कळशी घेऊन आली. त्याच्या पुढच्या पावसात लाडवांचा डबा. तोवर तिचं नाव अनसूया, ती जवळच्याच शाळेत शिकवते आणि हसताना आधी डावीकडे बघते, एवढं बन्सीला कळलं होतं.

“आता घरात भांडी उरली नाहीत, साबळे.”

“मग मीच येतो न्यायला.”

त्याची आई सरूबाई सगळं पाहत होती. एकदा म्हणाली, “बन्स्या, आभाळ आलं की तू दाढी का करतो रं?”

“कंपनीत जायचंय, आई.”

“आज रईवार हाय. आन् अत्तर कशाला? माशांला वास येतो व्हय?”

सेवलीकरांच्या अंगणात तो पिठाची चाळणी घेऊन मासे धरत होता, ती बादलीऐवजी पातेलं धरून उभी होती. दोघांचा हात एकाच माशाला लागला. मासा निसटला, हात जरा उशिरा निसटले.

ओसरीवर तिचे वडील अनंतराव खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. “धरा, धरा. दसऱ्याला गिऱ्हाईक येतंय. घर विकतो आणि जातो मुलाकडं पुण्याला.”

“बाबा, माझी शाळा इथं आहे.”

“पुण्यात शाळा नाहीत? तिथं अंगणात चालता तरी येईल. इथं पोहावं लागतं.”

पातेलं हललं. बन्सीनं हळूच विचारलं, “खरंच जाणार?”

“पाणी थांबलं नाही तर—जावं लागेल.”

त्यानं चाळणी खाली ठेवली. मग म्हणाला, “एक सांगायचंय. सांडव्यावरच्या त्या विटा... मीच रचल्यात.”

“स्वतः?”

“गवंडी मिळाला नाही.”

“छान रचल्यात,” ती थंडपणे म्हणाली. “एकसुद्धा हलली नाही. आता काढा.”

“सभा नाही म्हणते. चेअरमन कारभारीकाकांचं म्हणणं, शेजाऱ्यांना फुकट पाणी मिळतंय, त्यांनी उलट आभार मानावेत.”

“मग मी येते आभार मानायला.”

आणि ती सभेत आलीच. “आमच्या मागच्या अंगणात आड आहे. कोरडा पडलाय, वर पत्रा टाकलाय. सांडव्यावरच्या विटा उतरवा आणि तुमचं पाणी पाइपानं त्या आडात सोडा.”

“म्हणजे आमचं पाणी तुम्हाला द्यायचं?” कारभारीकाका दुखावले.

“काका, तुमची बोअर आमच्या भिंतीपलीकडं आहे. वर कंपाउंड घातलंय तुम्ही. खाली कुणी घातलंय?”

पाणी जमिनीखालून फिरून आपल्याच बोअरला येणार म्हटल्यावर ठराव टाळ्यांनी मंजूर झाला.

बन्सीनं विटा काढल्या. सांडव्याच्या तोंडाशी माशांसाठी जाळी बसवली, पाइप टाकला, आडाआधी दगड, खडी, वाळू भरलेला गाळणीचा खड्डा केला. ती चहा आणायची. चहात साखर विसरायची. तो सांगायचा नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाऊस कोसळला. छत्र्या घेऊन सगळे बाहेर. अंगण कोरडं... नव्हतं, पाऊस पडत होता. पण तळ्याचं पाणी नव्हतं. आणि मागून आडातून आवाज आला. खळखळ... खळखळ...

अनंतराव आडावर वाकून कितीतरी वेळ उभे राहिले. “अनू, त्या गिऱ्हाइकाला कळव. घर विकायचं नाही म्हणावं.”

“आणि पुणे?”

“पाणी असलेलं घर या गावात कुणी विकतं का?”

ते आत गेले. आडापाशी एका छत्रीखाली दोघं उरली. बन्सीचा चेहरा मात्र घरात कुणी आजारी असल्यासारखा.

“आता मासे यायचे नाहीत,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग मी... कशाला यायचं?”

“सेक्रेटरी तुम्ही. ठराव मांडा.”

त्यानं छत्री सावरली, घसा सावरला. “अनसूया, मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. तुम्ही पुण्याला गेला असता, तर मी त्या तळ्याकडं पुन्हा पाहू शकलो नसतो... अनुमोदन हवंय.”

ती आधी डावीकडे बघून हसली. “दिलं.”

पाऊस छत्रीवर वाजत राहिला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि अगदी जवळ येऊन कुजबुजली, “आता एक मागू? नाही म्हणायचं नाही.”

“जीव मागा!”

“आमची निळी बादली तेवढी आणून द्या. उद्या नळ आहे.”