बिरदेवचा हात

१९५६च्या उन्हाळ्यात मोहनरावांची काळी मोटार जोतीरामच्या गॅरेजात आली तेव्हा तिला एकच खोड होती. रस्त्यावर ती बरी पळायची. पण उभी करून इंजिन स्लोवर सोडलं की थरथरायची, अडखळायची आणि दिव्यांच्या काचा खडखडवत बंद पडायची. मोटार लढाईच्या आधीची, विलायती, चार सिलिंडरची. मोहनराव बारामतीजवळचे मोसंबीचे बागायतदार, बोलायला मऊ माणूस.

"बिरदेव असता तर नुसता कान लावून सांगितलं असतं," ते सहज म्हणाले.

जोतीरामनं न ऐकल्यासारखं करून बॉनेट उघडलं.

दोघं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकले होते. बिरदेव धनगराचा. लहानपणी मेंढरांमागं फिरलेला. कळपातली आजारी मेंढी तो खोकण्यावरून ओळखायचा, आणि इंजिनही तसंच ओळखायचा. जोतीराम मापानं काम करायचा, तरी गिऱ्हाईक दारात आलं की आधी विचारायचं, "बिरदेव कुठं हाय?" मागल्या दिवाळीत बिरदेवला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको त्याला इंदापूरला घरी घेऊन गेली. जोतीराम तेव्हा चार लोकांत हळहळला होता. घरी मात्र त्याला शांत झोप लागली होती.

"ह्यावेळी जमलं न्हाय तर गाडी कायमची पुण्याच्या गॅरेजला देतो," जाताना मोहनराव म्हणाले.

जोतीरामनं सगळं रीतसर केलं. प्लग काढून घासले. पॉइंटमधली फट पत्तीनं मोजली. कार्बोरेटर धुतला, कुठून हवा चोरतंय का ते सांध्यांवर तेल सोडून पाहिलं. मग बारका बल्ब जोडून हँडल हळूहळू फिरवलं. फ्लायव्हीलवरची खूण समोर आली आणि त्याच क्षणी बल्ब लागला. टायमिंग बिनचूक होतं. ठिणगीची वेळ ज्याला फिरवून ठरवायची त्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट त्यानं आवळला आणि जागा हलली तर कळावं म्हणून छिन्नीनं बारीक खूण मारली.

इंजिन सुरू केलं. ते थरथरलं, अडखळलं, बंद पडलं.

वैतागून तो कुलूप घालून घरी जेवायला गेला. परत येऊन हँडल मारलं, तर इंजिन सुरळीत चालायला लागलं. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं.

छिन्नीची खूण केसभर सरकली होती. बोल्ट आवळलेलाच होता. गॅरेजच्या कुलपाची किल्ली त्याच्या बंडीच्या खिशात होती.

त्यानं डिस्ट्रिब्युटर आपल्या खुणेवर आणला. थरथर सुरू. मग मन घट्ट करून, केसभर सरकवून, मघाशी सापडला होता तिथंच नेऊन ठेवला.

तरीही थरथर तशीच.

जागा तीच होती. हात फक्त त्याचा होता.

तो बाहेर रांजणापाशी हात धुवायला गेला. मागं इंजिन खोकत होतं. एकाएकी ते शांत झालं आणि एका लयीत चालू लागलं. तो ओल्या हातांनी आत धावला. आत कोणी नव्हतं. तेवढ्यात मोहनराव दारात आले, थबकले, ऐकत राहिले.

"बिरदेव येऊन गेला का रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," जोतीराम म्हणाला. "अजून काम व्हायचंय. उद्या लांब पळवून बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं डिस्ट्रिब्युटर मुद्दाम आपल्या खुणेवर आणला आणि गाडी इंदापूरच्या रस्त्याला लावली. निमगावात थांबला तेव्हाही ती खोकतच होती. बिरदेवच्या दारात पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तापलेलं इंजिन पुन्हा हँडलनं सुरू होणं अवघड, म्हणून त्यानं बंद पडू नये एवढी रेस वाढवून ते तसंच चालू ठेवलं.

"या भावजी," बिरदेवची बायको ठमाबाई म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आत्ताच डोळा लागलाय ह्यांचा."

बिरदेव बाजेवर उताणा होता. गाल बसलेले. उजवा हात लाकडासारखा बाजूला पडलेला.

"कुठं जातो का हा? कुणी नेतं का?" जोतीरामनं विचारलं.

"कुठं जात्यात? कूस बदलाया मी लागती." ती जरा थांबली. "पर झोपलं की हात हलतो. त्योच, गेलेला. बोटांना वंगण लागल्यालं असतं. कुठनं लागतं, देवाला ठावं."

बाहेर इंजिन खोकत होतं.

बिरदेवचा उजवा हात उचलला गेला. अंगठा आणि दोन बोटं हवेत जुळली आणि हळूच, अगदी केसभर, वळली.

बाहेरचा आवाज शांत झाला.

ठमाबाई दाराकडं बघत राहिली. जोतीराम बघत होता हाताकडं. त्याला भीती वाटायला हवी होती. त्याला वाटला तो हेवा. मेलेल्या हाताचासुद्धा.

त्यानं झडप घालून ते मनगट धरलं.

हात त्याच्या मुठीत धडपडला. त्याला जोर होता. जोतीरामनं दाबलं, आणखी दाबलं.

बाहेर इंजिन अडखळलं.

"सोडा, भावजी!"

त्यानं सोडलं नाही.

इंजिन बंद पडलं. हातातला जोर गेला. मग जोतीरामनं बोटं सैल केली आणि मागं न बघता बाहेर पडला.

गाडी एका हँडलात सुरू झाली. परतीच्या वाटेवर, बारामती येईपर्यंत, ती एकदाही खोकली नाही. बॉनेट उघडून पाहिलं तेव्हा डिस्ट्रिब्युटर जोतीरामच्या खुणेवरच होता.

त्यानंतर त्याच्या हाताला यश आलं. कसलंही इंजिन त्यानं धरलं की सुधारायचं. दौंडहून, फलटणहून गाड्या येऊ लागल्या. बिरदेव कुठंय, हे विचारणं लोकांनी सोडलं.

थंडीत एका सकाळी गॅरेजापुढं बैलगाडी थांबली. ठमाबाई नवऱ्याला बारामतीच्या दवाखान्यात घेऊन चालली होती. जोतीराम हातातलं काम टाकून, कोपरापर्यंत काळ्या ऑइलनं माखलेला, तसाच बाहेर आला.

"ह्यांना वाचा फुटली, भावजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. "पर एकच बोलत्यात. दिसभर."

"काय?"

"जोतीराम, सोड."

तो हसायला गेला. "मी तर तवाच सोडला."

"व्हय. मी बघितलं की."

तिनं बिरदेवच्या अंगावरचं घोंगडं बाजूला केलं. मनगटावर एका बाजूला चार बोटांचे वळ होते, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा. वळ जुने नव्हते. अंगठ्याच्या वळात काळं ऑइल होतं, ओलं.

ठमाबाईनं ते पदरानं पुसून काढलं.

पुसलेल्या जागी बिरदेवची कातडी पुन्हा हळूच आत दबली, अंगठ्याएवढी.