मागच्या खोलीची अट

बेल वाजली तेव्हा थोरलीच्या हातात ओलं फडकं होतं, आणि तसंच दार उघडलं तर समोर उभा कोण... तिचा सख्खा धाकटा भाऊ! तीन वर्षांनी! कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल, शेजारी सातव्या महिन्यातली बायको, मागे सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले सासरे, आणि सगळ्यांच्या पुढे तोंडाचा पट्टा सोडलेला घरांचा एजंट. "अरे झोप्या!" असं तिच्या तोंडून निघणार, निघणारच होतं, ओठसुद्धा उघडले होते, तेवढ्यात तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला,

"मालकीणबाई आहेत का घरात?"

बस. एवढंच...

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसलं काहीही झालं नाही. जमीन होती तिथेच होती, आत्ताच पुसलेली, आणि थोरली सवयीने बोलून गेली, "सांभाळून या हं, फरशी ओली आहे."

आता मालकीणबाई म्हणजे म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई, गुडघे पार गेलेले, चाकांच्या खुर्चीतून उठायची सोय नाही. त्यांना लेकीकडे जायचं होतं, म्हणून घर विकायला काढलेलं. मग आलेल्या माणसांना घर दाखवायचं काम कोणाचं? थोरलीचं! अकरा वर्षं या घरात राबली होती ती, कुठली कडी आधी वर उचलून मग ओढायची, कुठला नळ उलटा फिरतो, सगळं तिला तोंडपाठ. पुढे थोरली, मागे सख्खा भाऊ, आणि तो छताकडे असा बघतोय की जणू छतच विकत घ्यायचंय!

"लोकेशन बघा साहेब, लोकेशन!" एजंटने खिडकी सताड उघडली. "खाली चौक, चौकात सतरा नंबरांच्या बस, समोर मेट्रो, मागे हॉस्पिटल, वळणावर शाळा. इथून निघा आणि कुठेही जा!"

"ते सगळं खरं, पण झोपायचं कधी?" सासरे कानांवर हात ठेवून ओरडले.

थोरलीने खिडकी ओढून घेतली. दुहेरी काच. सगळा चौक एका क्षणात मुका झाला. खाली माणसं बोलताना दिसत होती, हॉर्न वाजवताना दिसत होती, ऐकू मात्र एक अक्षर नाही.

झोपेचं नाव निघालं आणि तिला सगळं आठवलं हो... कारण हाच तो झोप्या! आईवडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची आणि हा सहा. शहराच्या पार टोकाला, एकवीस नंबरच्या बसचा शेवटचा स्टॉप, तिथून जवळ त्यांची एक खोली. शाळा सुटली की हा बसमध्ये बसायचा आणि झोपायचा! शेवटचा स्टॉप आला, बस रिकामी झाली तरी हा उठायचा नाही; कंडक्टरने उतरवून ठेवलेला, स्टॉपच्या बाकावर, पाठीला दप्तर तसंच, तोंड उघडं. आणि थोरली चार घरच्या फरश्या पुसून धावत यायची, त्याला पाठुंगळी मारायची, आणि तो झोपेतच विचारायचा, "ताई, आलीस?" त्या एका 'ताई'साठी तिने स्वतःचं लग्न, स्वतःचं तारुण्य, सगळं सगळं ओवाळून टाकलं... त्याला इंजिनिअर केलं. आणि त्याने लग्न केलं तेव्हा तिला आठ दिवसांनी फोन केला, "घाईत उरकलं गं." ती वेडी म्हणाली, "बरं केलंस, उगाच दगदग वाचली!"

पाहुण्यांना पाणी द्यायला ती बाहेर आली तर सासरे डॉक्टरीणबाईंना सांगत होते, "आमचे जावई अगदी एकटे हो. मागेपुढे कोणी नाही. सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं पोराने!"

भावाने ग्लास घेतला. तिच्याकडे न बघताच घेतला, अर्धं पाणी फरशीवर! आणि थोरली वाकली, आणि तिने ते पुसलं...

"घर तुम्हाला देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण माझी एक अट आहे, आणि कागदावरच आहे. स्वयंपाकघरामागच्या खोलीत ही राहते. ती जिवंत असेपर्यंत ती खोली तिची."

एजंटचा चेहरा पडला. या अटीपायी आधीची पाच गिऱ्हाइकं पळाली होती ना!

"राहू दे ना बाबा," भावजय हळूच म्हणाली. "बाळाच्या वेळी मला सोबत होईल. किती निगुतीने ठेवलंय यांनी घर!"

तिच्या त्या दोन गोड शब्दांनी थोरलीचे डोळे भरून आले, मनात वेडी आशा अशी उसळली... आणि तेवढ्यात भाऊच बोलला. सासरे नाही. भाऊ!

"नको. परकं माणूस घरात नको मला."

परकं!

निघताना तो फाईल विसरल्याचं निमित्त करून परत वर आला. मागच्या खोलीत तिच्यासमोर उभा राहिला, आणि एकदम तो इस्त्रीचा शर्ट वितळला आणि आत तोच सहा वर्षांचा उरला.

"ताई... मी तेव्हा बोलून बसलो गं त्यांना, की माझं कोणी नाही. भीती वाटली, मुलगी देणार नाहीत. आता कुठल्या तोंडाने सांगू? सांगेन, नक्की सांगेन, पण जरा वेळ बघून. हिला शेवटचे महिने चाललेत, हॉस्पिटल जवळ हवं... हे घर मिळू दे गं. आपली ती खोली आहे ना अजून? शेवटच्या स्टॉपची?"

ती खोली! ती अख्खी चाळ पाडून दोन वर्षं झाली होती. त्याने कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिचा फोन नंबर बदलला, तेही त्याला माहीत नव्हतं.

"आहे ना," थोरली हसली. "आहे तशीच आहे."

"मग तूच सांग ना बाईंना, अट नको म्हणून."

"सांगते हो. तू वेळेवर जेवतोस ना? किती वाळलास!"

डॉक्टरीणबाई मात्र खवळल्या. "कुठे जाशील?"

"मावशीकडे. ती कधीची बोलावतेय."

"अकरा वर्षांत एकदा तरी उगवली का ही मावशी? थापा मारतेस माझ्याशी?" पण थोरली हटेना, तेव्हा त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिही मग. ही खोली मी माझ्या मर्जीने सोडते. आणि खाली सही कर. पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट."

तिने मन लावून लिहिलं, एकेक अक्षर सुवाच्य. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचला. घराच्या व्यवहाराच्या फाईलमधल्या खरेदीदाराच्या नावाकडे एकदा बघितलं. आणि कागद त्याच फाईलमध्ये ठेवून दिला.

सह्यांच्या दिवशी भर दुपारी, ती मंडळी यायच्या आधीच, थोरलीने पत्र्याची ट्रंक उचलली, डॉक्टरीणबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि खाली उतरली. म्हातारी नुसती एवढंच म्हणाली, "जरा थांबली असतीस तर..."

चौकात ती कितीतरी वेळ बसून राहिली. सतरा नंबरांच्या बस, आणि जायला एकही जागा नाही! डोळ्यांदेखत ती तिघं गाडीतून उतरली, वर गेली. मग जी बस समोर आली तिच्यात ती चढली. थंडगार बस, काचा बंद. सिग्नल लाल. तिने मान वर करून त्या खिडकीकडे शेवटचं बघितलं, आणि...

इमारतीच्या दारातून भाऊ धावत बाहेर आला. अनवाणी! हातात कागद! तिच्या सहीचा तोच कागद, सगळ्यांसमोर वाचून झालेला, चुरगाळलेला! वर भावजयीने खिडकी उघडली होती आणि ती वाकून हातवारे करत होती, मागे सासरे दगडासारखे उभे. आणि भाऊ भर चौकात, गाड्यांच्या मधोमध, तोंड फाडून ओरडत होता. काचेतून आवाज येत नव्हता हो... पण ओठ दिसत होते. दोनच अक्षरं होती. ती काय तिला ऐकावी लागणार होती?

ती उठली, काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या, "अरे इथे! इथे आहे मी!" पण सिग्नल सुटला, बस हलली, आणि वळता वळता तिने बघितलं... तो या बसकडून त्या बसकडे धावत होता, आणि मग त्याला एकवीस नंबर दिसली, आणि झेप घेऊन तो तिच्यात चढला.

तिनेच तर सांगितलं होतं ना, खोली आहे म्हणून...

पुढच्या स्टॉपला थोरली उतरली. ट्रंक सांभाळत रस्ता ओलांडला, आणि त्याच्या बसमागून आलेल्या दुसऱ्या एकवीस नंबरमध्ये चढली.

"कुठे?" कंडक्टरने विचारलं.

"शेवटचा स्टॉप."

"तिथे काय आहे आता बाई? सगळं पाडून ठेवलंय. उतरून करणार काय?"

थोरलीने पदराने तोंड पुसलं, ट्रंक मांडीवर घेतली.

"माझा भाऊ असेल तिथे," ती म्हणाली. "मी आणायला गेल्याशिवाय तो उठत नाही."