चाळीस अक्षरांची चोरी

"माझी एक ओळ रोज चोरीला जाते," रेमी लावोआ म्हणाला.

खाजगी गुप्तहेर ओर्तांस पेल्तिए बेगल खात राहिली. तिचा सहकारी जील याने वही उघडली.

"ओळीची लांबी?"

"चाळीस अक्षरं."

"कुणावर संशय?"

रेमी माँट्रियलच्या बर्फ काढणाऱ्या गाड्यांचे मार्ग आखणारा प्रोग्राम लिहीत होता. त्याच्या एका भागात, म्हणजे मॉड्यूलमध्ये, चूक होती; गाडी एकच गल्ली अकरा वेळा साफ करायची. तो ओळ दुरुस्त करी, बिल्ड करी, म्हणजे प्रोग्राम नव्याने बांधून घेई, की ओळ पुन्हा पहिल्यासारखी.

"माझ्यासोबत काम करणाऱ्या सोलांजचंच काम. मी तक्रार केलीय. तीन वाजता तिला नोकरीवरून काढतायत."

दोन वाजले होते.

"ओळीपर्यंत पोचतोस कसा?" ओर्तांसने विचारलं.

"फंक्शनच्या नावावर 'व्याख्येकडे जा' दाबतो. ते जिथे लिहिलंय तिथे कोडचा एडिटर थेट नेतो."

"काही कुरकुर?"

"फाइल कुलूपबंद आहे, तरी लिहू का, म्हणतो. मी हो म्हणतो."

"बाकीच्या फाइलींतले बदल?"

"टिकतात. त्या मी यादीतून उघडतो."

"कुलूप तिनेच लावलं!" जील ओरडला.

तिघं रेमीच्या ऑफिसात पोचले तेव्हा सोलांज खोक्यात आपली कुंडी भरत होती.

"सगळ्यांचे बदल इथे नोंदले जातात," ती पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. "त्या मॉड्यूलमध्ये महिनाभर कुणाचाच बदल नाही. याचासुद्धा! नसलेली ओळ मी पुसू कशी, बाई?"

ओर्तांसने खुर्ची ओढली. "चोर सापडला. चोरी मात्र झालेली नाही."

जीलने वहीत दोन्ही लिहून घेतलं.

"बिल्ड होताना प्रत्येक फाइलची नक्कल वेगळ्या फोल्डरात जाते. एडिटर व्याख्या शोधतो ती बिल्डने ठेवलेल्या खुणांवरून, आणि त्या खुणांत पत्ता होता नकलेचा. रेमी, तू नक्कल दुरुस्त करत होतास. तिथे कुणी लिहू नये म्हणून कुलूप. नक्कल नोंदीत धरत नाहीत, म्हणून नोंद कोरी. यादीतून मूळ फाइली उघडतात, म्हणून ते बदल शाबूत. आणि दर बिल्डला मूळ फाइल नकलेवर पुन्हा चढते."

"मग ओळ पुसत कोण होतं?" रेमीने विचारलं.

"बिल्ड कोण करतं?"

रेमीने यादीतून फाइल उघडली, ओळ लिहिली, बिल्ड केला. पडद्यावरची गाडी पहिल्यांदाच दुसऱ्या गल्लीत वळली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

तीनला पाच मिनिटं कमी होती.

"सोलांज, तू काहीच केलं नव्हतंस. मी..."

"मला काय सांगतोस? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग."

रेमी साहेबांना गाठायला जिन्याकडे पळाला.