टिकल्याच्या हाका

सन २०४८. तिलारीच्या खोऱ्यात हत्तींचे निरोप यंत्रणेमार्फत जाऊ लागले, त्याला सहा वर्षं झाली होती. हत्ती दूरवर बोलतात ते माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या खोल घुमाऱ्यात. रस्ते आणि वस्त्यांनी कळपाचे तुकडे पाडले, तेव्हा हे घुमारेही वाटेतच विरू लागले. आता जंगलातले खांब ते टिपत आणि डोंगरापलीकडच्या खांबातून पुन्हा घुमवत.

हा सगळा कारभार सुरंगी परब केंद्रातल्या एका पडद्यावर सांभाळायची. प्रत्येक हत्तीची एक चौकट आणि चौकटींना जोडणाऱ्या रेघा. बोटाने रेघ ओढली की निरोपाची वाट सुरू, पुसली की बंद.

"पण खयचो निरोप कोणाक, तां यंत्राक कसां कळतां?" झिलू गवसांनी एकदा विचारलं. एक खांब त्यांच्या केळीच्या बागेत होता, त्यामुळे ते अधूनमधून केंद्रात चहाला येत.

"हत्ती एकमेकांना नावाने हाक मारतात, आबा. यंत्र तेवढं नाव ओळखतं आणि निरोप पुढे धाडतं. बाकीचं बोलणं अजून कोणालाच उमगलेलं नाही."

त्या पावसाळ्यात भोरी नावाची हत्तीण दरडीखाली सापडून मेली. मागे तिचं चार वर्षांचं पिल्लू राहिलं, टिकला. ते आईला हाका मारत राहिलं. घेणारं कोणी नसलेले निरोप पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका खणात साठतात. दोन दिवसांत तिथे एकशे बारा हाका जमल्या. टिकल्याने खाणं सोडलं होतं.

नियमाप्रमाणे सुरंगीने भोरीची चौकट पुसायला हवी होती. तिचा हात धजेना. भोरीचे जुने घुमारे यंत्रात साठवलेले होते. सुरंगीने टिकल्यापासून त्या साठ्यापर्यंत एक रेघ ओढली. पिल्लाचा आवाज हाका मारून बसला होता, म्हणून तिने यंत्राला सांगून ठेवलं, नाव नीट ओळखू आलं नाही तरी हाक भोरीचीच समज.

झिलूंच्या बागेतल्या खांबातून आईच्या आवाजात उत्तर गेलं. संध्याकाळी टिकल्याने पाला खाल्ला. सुरंगीला रडू आलं.

तीन आठवड्यांनी झिलू आले ते चहाला बसलेच नाहीत.

"बाय, तां पिल्लू माझ्या बागेत उभां रवतां. केळीक तोंड लावणा नाय. नुसतां खांबाकडे बघीत रवतां."

टिकल्याच्या मावशीच्या कळपाने त्याला डोंगरापलीकडून दोनदा बोलावलं होतं. तो गेला नव्हता. एकटं पिल्लू रानात फार दिवस टिकत नाही, हे सुरंगीला ठाऊक होतं. तिने रेघ पुसली. नीट न ओळखलेली हाकही भोरीची समजायची, ही यंत्राला दिलेली सवलतही काढून घेतली.

टिकला चार दिवस हाका मारत होता. पाचव्या दिवशी तो कळपाबरोबर डोंगर चढून गेला. हे सांगायला झिलू केंद्रात आले.

सुरंगीने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच पडद्यावर सूचना उमटली, 'चार दिवस एकच नवीन नाव आढळलं. चौकट तयार करायची?'

टिकल्याच्या त्या चार दिवसांतल्या हाकांमधलं नाव कळपातल्या कुठल्याच हत्तीचं नव्हतं. सुरंगीने मागच्या सगळ्या नोंदी उघडल्या. पहिल्या दोन दिवसांच्या हाका भोरीला होत्या. खांबातून तिसरं उत्तर गेलं, आणि त्यानंतर टिकल्याने आईचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तेव्हापासून हेच नवं नाव. सवलत होती म्हणून यंत्राने ते भोरीचं धरलं होतं.

"म्हणजे त्याला कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "ही आई नाही, दुसरंच कोणीतरी आहे."

झिलूंनी पडद्यावरच्या त्या सूचनेवर बोट ठेवलं. "आणि त्या दुसऱ्याक तेना नाव दिल्यान. तुका."

सुरंगीने नव्या चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं.

टिकला आता कळपात रुळला आहे, अंगाने भरला आहे. तरी रोज संध्याकाळी डोंगरापलीकडून त्या चौकटीत एक हाक येते आणि सुरंगी ती घेते. तो काय विचारतो, ते तिला कळत नाही. उत्तर द्यायला तिच्यापाशी एकच आवाज आहे, भोरीचा, आणि तो कोणाचा हे टिकल्याला ठाऊक आहे.