उंबऱ्यावरची वीट

मोजणीदार त्या दुपारी बहिणीकडे निघाला, तो तिला घेऊनच परतायचं असं ठरवून. एका खांद्यावर दुर्बिणीची तिपाई, दुसऱ्यावर मोजपट्टी. वाटेत कोणी हटकलं तर "सरकारी काम" म्हणायचं, एवढं त्याने योजून ठेवलं होतं. हटकलं कोणीच नाही. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्याचं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. तिकडे दूर ध्रुवावर बर्फ वितळतंय आणि इकडे पाणी चढतंय. तीस वर्षांनी ते कुठवर येईल याचा आकडा कार्यालयातून यायचा, आणि हा किनाऱ्याच्या गल्ल्यांतून फिरून भिंतींवर तांबडी रेघ मारायचा. उंबरा रेघेखाली आला की ते घर सोडायचं. लोक त्याला रेघवाला म्हणत आणि तो दिसला की दार लावून घेत.

ताईचं घर किनाऱ्यावर अगदी शेवटचं. दोन वर्षांपूर्वी तिथे पट्टी धरायला होते भावोजीच. तीच त्यांची नोकरी. उंबरा रेघेच्या खाली येणार हे दोघांनाही दिसत होतं. ताई मात्र चौकट धरून रडत होती, "मी या घरातून हलणार नाही." धाकट्या भावाला ते बघवेना. तो हळूच म्हणाला, "भावोजी, पट्टी विटेवर धरा."

पट्टी उंबऱ्यावर उभी टेकवायची असते आणि तिच्यावरचा आकडा लांबून दुर्बिणीतून वाचायचा असतो. मध्ये वीट उभी केली की दुर्बिणीतून उंबरा तेवढाच उंच भासतो. भावोजींनी कोपरा उडालेली एक वीट उभी केली, करंगळीचं पेर तुटलेल्या हाताने पट्टी धरली, आणि म्हणाले, "खोटी धरायला लावलीस. खरी वाचायला तुलाच यावं लागेल एक दिवस." घर रेघेच्या बोटभर वर निघालं. ताईने त्याच्या तोंडात साखर घातली.

पुढच्याच वर्षी उधाणाचं पाणी घरात शिरलं. भावोजींनी ताईला माळ्यावर चढवलं, दार लावायला खाली उतरले, आणि वर आलेच नाहीत. सापडलेही नाहीत. ताई विचारी, "घर तर रेघेच्या वर होतं ना रे?" आणि हा मेला सांगे, "वादळ होतं ताई. नेहमीचं पाणी नव्हे." एक खोटं झाकायला दुसरं.

आज संध्याकाळी वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण होतं.

तो पोचला तेव्हा ओहोटी होती. समुद्र पार लांब गेलेला, उन्हात वाळू तापलेली. घरात मात्र ओल. भिंती छातीएवढ्या उंचीपर्यंत भिजलेल्या आणि त्यावर कोरड्या ठक्क. ओलीची कड अशी सरळ, की त्याच्या हातूनही तशी रेघ कधी उतरली नसती. किनाऱ्यावरच्या घराला शेवाळाचा, मासळीचा वास असतो. इथे कसलाच वास नव्हता. त्याने भिंतीला बोट लावलं तर हाडापर्यंत कळ गेली. बोट जिभेला लावलं...

पाणी गोडं होतं. बर्फासारखं गार आणि गोडं.

"पंधरा दिवस झाले, असंच आहे," ताई खाटेवरून म्हणाली. "पुसलं की परत येतं."

"ताई, चल. आज इथे राहू नकोस."

"का म्हणून? घर रेघेच्या वर आहे. तूच मोजलंयस."

"ताई..."

"मग परत मोज. माझ्यासमोर. खाली निघालं तर या पावली येते."

आता काय करणार? पट्टी धरायला माणूस नाही. त्याने ती उंबऱ्यावर उभी करून चौकटीला दोरीने सैलशी बांधली, अंगणाच्या टोकाला तिपाई रोवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बीण जुनी, तिच्यात सगळं उलटं दिसे. उलटं घर, उलटी चौकट, उलटी पट्टी. आणि पट्टीवर एक हात.

ओला. निळसर पडलेला. करंगळीचं एक पेर नसलेला.

त्याने डोळा काढला. दारात कोणी नव्हतं. दोरी सुटून खाली पडली होती, आणि पट्टी सरळ उभी होती. भावोजी धरत तशी, केसभरही न कलता.

पळावंसं वाटलं. पण पळालो तर ताई इथेच राहील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने पुन्हा डोळा लावला. पट्टीखाली वीट होती. कोपरा उडालेली. त्या हाताने पट्टी सावकाश उचलली, दुसऱ्या हाताने वीट बाजूला सारली, आणि पट्टी उंबऱ्यावर टेकवली. मग हात थांबला. वाट बघत.

मोजणीदाराने आकडा वाचला. मोठ्याने वाचला.

"खाली आहे, ताई. पहिल्यापासून खालीच होतं. मी पट्टी विटेवर धरायला लावली होती."

 ताई म्हणाली, "माझा माणूस तुझ्या विटेने नेला."

"हो."

"आणि माझ्या हट्टाने." ती उठली, दोन लुगडी पिशवीत कोंबली, आणि त्याच्याकडे न बघता चालू लागली. त्याने घाईघाईने दुर्बीण उचलली. पट्टी आणायला दाराशी जायचं धाडस काही झालं नाही. ती तशीच उभी राहिली.

संध्याकाळी टेकडीवरच्या त्याच्या घरातून दोघांनी ते घर पाण्यात बसताना पाहिलं. ताई तेव्हा रडली, आणि रडता रडता तिने त्याचा हात धरला. त्याला वाटलं, फिटलं एकदाचं. शांत झोप लागली.

सकाळी ताईनेच हाक मारली. आवाज अगदी खालचा.

"अरे, तुझं घर मोजलंयस का रे कधी?"

"टेकडीवर कशाला मोजायचं? इथे कुठलं पाणी..." बोलत बोलत तो दाराशी आला.

त्याच्या उंबऱ्यावर पट्टी उभी होती. कशालाही न टेकता, सरळ. बाजूला कोपरा उडालेली वीट आडवी ठेवलेली. पट्टी खालून कमरेएवढी भिजलेली होती आणि तिच्यावरून थेंब ओघळत होते. ताईने एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला, आणि मान हलवली.

"गोडं आहे," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने दुर्बीण आणली आणि त्याच्या हातात दिली.

"वाच. ते धरून उभे आहेत."